सोव्हिएत संघ फुटल्यावर रशियाचं नक्की काय गेलं? यूएनची खुर्ची आणि अण्वस्त्रं तर त्यांच्याकडेच राहिली ना?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटला आणि पंधरा देश झाले एवढं शाळेत शिकलो. पण आकडे बघितले तर रशियाच्या वाट्याला काही कमी आलेलं दिसत नाही. २ कोटी २४ लाख चौ. किमीपैकी १ कोटी ७१ लाख चौ. किमी त्यांच्याकडेच राहिली, म्हणजे तीन चतुर्थांश जमीन, आजही जगातला सगळ्यात मोठा देश तोच. सुरक्षा परिषदेतली कायमची जागा व्हेटोसकट मिळाली आणि त्यासाठी मतदानसुद्धा झालं नाही, रशियाचे अध्यक्ष येल्तसिन यांनी २४ डिसेंबर १९९१ ला यूएनच्या सरचिटणीसांना पत्र पाठवलं, कुणी हरकत घेतली नाही आणि पाटी बदलली. सैबेरियातलं तेल, गॅस, हिरे सगळं आहे. अण्वस्त्रंसुद्धा शेवटी सगळी त्यांच्याकडेच गोळा झाली.

तरी पुतिन २००५ च्या भाषणात या फुटीला शतकातली मोठी भूराजकीय आपत्ती म्हणाले आणि तेव्हापासून रशिया जे काही करतो त्यामागे हीच जखम आहे असं सगळे सांगतात. मला कम्युनिझम चांगला की वाईट ही चर्चा नकोय, ती हजार वेळा झालीय. मला फक्त नकाशा समजून घ्यायचाय, म्हणजे ३१ डिसेंबर १९९१ ला मॉस्कोत बसलेल्या माणसासमोरचा नकाशा वर्षभरापूर्वीच्या नकाशापेक्षा कुठे कुठे बदलला होता? आणि दुसरं म्हणजे यातलं किती फुटीमुळे आपोआप झालं आणि किती नंतरच्या निर्णयांनी झालं?

खाडीपलीकडे

चांगला प्रश्न आहे भाऊ. तू जे मोजलंयस ते खरंय पण तू दर्जा आणि क्षेत्रफळ मोजलंयस, ठिकाण नाही मोजलंस. आपल्याकडे शेताच्या वाटणीत कधी कधी होतं ना, सगळ्यात मोठा तुकडा थोरल्याला मिळतो, घराण्याचं नाव त्याच्याकडे राहतं, पण विहीर एका भावाच्या हिश्श्यात आणि रस्त्याला जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून. रशियाचं अगदी असंच झालं.

आता एकेक बघ. पहिलं म्हणजे माणसं. जमीन तीन चतुर्थांश राहिली पण लोकसंख्या निम्मीच राहिली, १९८९ च्या जनगणनेत संघाचे साडेअठ्ठावीस कोटींच्या वर लोक होते, त्यातले रशियात साधारण १४ कोटी ७० लाख. आणि जवळपास अडीच कोटी वंशाने रशियन असलेले लोक घर न सोडता एका रात्रीत परदेशात गेले, कुणी उत्तर कझाकस्तानात, कुणी पूर्व युक्रेनच्या डॉनबासमध्ये, कुणी लात्व्हियात रीगाला.

दुसरं समुद्र. रशियाचा किनारा प्रचंड लांब आहे पण त्यातला बहुतेक आर्क्टिकचा, वर्षातला मोठा काळ बर्फात. युरोपकडचे कामाचे किनारे मुख्यतः दोनच, बाल्टिक आणि काळा समुद्र, आणि दोन्हीकडे तोच भाग गेला. बाल्टिकवर एस्टोनिया, लात्व्हिया, लिथुआनियातली टॅलिन, रीगा, व्हेंट्सपिल्स, क्लायपेडा ही चारही बंदरं गेली. उरलं सेंट पीटर्सबर्ग, जे एका चिंचोळ्या आखाताच्या टोकाला आहे, आणि कालिनिनग्राद, जे लिथुआनिया आणि पोलंडच्या मधे अडकलेलं, तिथे जमिनीवरून जायचं तर दुसऱ्या देशातून जावं लागतं. काळ्या समुद्रावर ओडेसा गेलं आणि सेव्हास्तोपोल, जिथे अठराव्या शतकापासून त्यांचं आरमार होतं, तेही क्रिमियासकट युक्रेनमध्ये. आरमाराची वाटणी व्हायला १९९७ चा मे उजाडला आणि त्यानंतरही तळ भाड्यानेच होता, २०१७ पर्यंतचा करार, भाडं युक्रेनच्या थकबाकीतून वळतं व्हायचं. रशियासारखा देश आपल्या मुख्य नाविक तळासाठी शेजाऱ्याचा भाडेकरू होता ही गोष्ट नीट लक्षात घे, २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला ते समजायला ती लागते.

तिसरं अंतर. १९८८ ला सोव्हिएत फौज पूर्व जर्मनीत तीन लाखांच्या वर होती, बर्लिन ते मॉस्को सरळ रेषेत सोळाशे किमी. १ जुलै १९९१ ला वॉर्सा करार, म्हणजे सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी, गुंडाळला, ३१ ऑगस्ट १९९४ ला शेवटची फौज जर्मनीतून निघाली. मग १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक नाटोत, २००४ ला तिन्ही बाल्टिक देश. सेंट पीटर्सबर्गपासून एस्टोनियाचं नार्वा दीडशे किमीच्या आसपास आहे. मॉस्कोपासून युक्रेनची सीमा साधारण साडेचारशे. नेपोलियन असो की हिटलर, दोघांच्या वेळेला रशियाला वाचवलं ते या मधल्या जमिनीने, आणि तीच गेली. त्या भीतीतून पुढे त्यांनी जे केलं त्याचं समर्थन होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, पण नकाशावर तो बदल खरा आहे.

आणि वाटा. मॉस्कोहून दक्षिणेला रोस्तोव्हकडे जाणारी मुख्य रेल्वे युक्रेनच्या लुहान्स्क भागातून थोडी आत जाऊन परत रशियात यायची. संघ असताना कुणाच्या लक्षातही आलं नसेल. २०१४ नंतर त्यांनी वळसा घालून नवीन मार्ग बांधला आणि २०१७ ला गाड्या तिकडून वळवल्या. गॅसचं तर विचारूच नको, नव्वदच्या दशकात युरोपला जाणारा बहुतेक सगळा रशियन गॅस युक्रेनमधल्या पाइपांतून जायचा.

जुना_गोदीवाला

खाडीपलीकडे यांनी जमिनीचं छान सांगितलं. मी कारखान्यांचं सांगतो कारण माझी नोकरी मुंबईत जहाजबांधणीत गेली आणि ही फूट आम्ही सुट्या भागांच्या ऑर्डरमधून बघितली.

सोव्हिएत नियोजन असं होतं की एक वस्तू एकाच ठिकाणी बनवायची आणि सगळ्या संघाला पुरवायची. एकच देश असताना ठीक होतं. विमानवाहू जहाजं फक्त मिकोलाइव्हला, म्हणजे आताच्या युक्रेनमध्ये. एकूण एक तिथलीच, किएव्ह, मिन्स्क, नोव्होरोसिस्क, बाकू, कुझनेत्सोव्ह. संघ फुटला तेव्हा कुझनेत्सोव्ह काळ्या समुद्रातून काढून उत्तरेच्या आरमारात नेली गेली, मागे राहिली अर्धवट व्हार्याग. ती युक्रेनने १९९८ ला २ कोटी डॉलरला विकली आणि २०१२ ला तीच लिआओनिंग नावाने चीनच्या नौदलात दाखल झाली. तिच्याहून मोठी उल्यानोव्स्क धक्क्यावरच कापून भंगारात गेली. त्यानंतर आजपर्यंत रशियाने एकही नवीन विमानवाहू जहाज बांधलेलं नाही. जी गोदी ते बांधू शकत होती आणि जिथले कारागीर पिढीजात ते काम करत होते ती त्यांच्या हातात राहिली नाही.

बाकू म्हणजे आपली विक्रमादित्य बरं का. पुढे जहाजाचं नाव बदलून ॲडमिरल गोर्शकोव्ह झालं, मग २००४ ला आपण ते घेतलं. काम करायचं होतं २००८ पर्यंत, मिळालं नोव्हेंबर २०१३ ला. लोक भ्रष्टाचार, ढिलाई असं बरंच काही म्हणतात, पण मूळ अडचण ही की काम सेव्हमाशला करावं लागलं आणि ती पाणबुड्यांची गोदी. हे जहाज जिथे जन्मलं ती गोदी परदेशात होती.

इंजिनांचं अजून मोठं. युद्धनौकांच्या गॅस टर्बाइन झोर्या-माशप्रोएक्त बनवायचे, तेही मिकोलाइव्हलाच. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दिल्ली वर्गाच्या विनाशिकांना हेच टर्बाइन आहेत, आयएनएस मुंबईलासुद्धा. हेलिकॉप्टरची इंजिनं झापोरिझ्झियाला मोटर सिचकडे, एमआय-१७ ची पण तिथलीच. आयएल-७६ मालवाहू विमान ताश्कंदला बनायचं, म्हणजे उझबेकिस्तानात. एएन-३२ किएव्हला. आणि ज्याला पश्चिमेकडचे सैतान म्हणायचे ते सगळ्यात जड क्षेपणास्त्र द्नीप्रोला. म्हणजे रशियाच्या अण्वस्त्रांमधल्या सगळ्यात मोठ्या क्षेपणास्त्राची देखभाल करायला २०१४ पर्यंत युक्रेनचे इंजिनियर येत होते. भीमाकाठ, अण्वस्त्रं त्यांच्याकडे गोळा झाली हे खरं, युक्रेनमधली एकोणीसशेच्या आसपास सामरिक वॉरहेड्स १९९६ पर्यंत रशियात गेली, पण ती वाहून नेणाऱ्या यंत्राचा कारखाना सीमेपलीकडे राहिला.

तेव्हा नाशिकला ओझरच्या एचएएलमध्ये, आमच्याकडे, हवाई दलात सगळीकडे एकच ताप होता, आधी मॉस्कोला एक पत्र लिहिलं की काम व्हायचं, आता कुठला पार्ट कुठल्या देशात बनतो हेच शोधायला लागायचं. आणि तिकडे कारखान्यांना पगार नव्हते.

तियानशान

मी बिश्केकला एमबीबीएस केलंय, आमच्या बॅचला महाराष्ट्रातली बरीच मुलं होती. त्यामुळे दक्षिणेकडचं मी टाकते, कारण सगळी चर्चा युक्रेन आणि बाल्टिकवर जाते आणि मध्य आशिया राहून जातो.

इथे रशियाची जागा एका झटक्यात गेली नाही, हळूहळू गेली, आणि पूर्ण अजूनही गेलेली नाही. रशिया आणि कझाकस्तानची सीमा साडेसात हजार किमीच्या वर आहे, जगातली सगळ्यात लांब सलग जमिनीवरची सीमा, आणि १९९१ च्या आधी ती फक्त जिल्ह्यांच्या नकाशावरची रेघ होती. बैकानूर, जिथून गागारिन गेला आणि आपले राकेश शर्मा गेले, ते कझाकस्तानात गेलं. १९९४ पासून रशिया वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाडं देतोय, करार २०५० पर्यंतचा आहे. स्वतःच्या जमिनीवर अतिपूर्वेला व्होस्तोच्नी बांधलं, तिथून पहिलं उड्डाण २०१६ ला, तरी माणसं घेऊन जाणारं यान अजून बैकानूरहूनच जातं.

पण सुरुवातीला रशियाकडे एक मोठा पत्ता होता. या सगळ्या देशांना खुला समुद्र नाही आणि पाइपलाइन सगळ्या उत्तरेकडे, रशियाकडे जाणाऱ्या. तुर्कमेनिस्तानचा गॅस विकायचा तर मॉस्कोच्या भावाने मॉस्कोलाच. ही पकड खऱ्या अर्थाने सुटली ती डिसेंबर २००९ ला, तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान-कझाकस्तान-चीन गॅस पाइपलाइन सुरू झाली तेव्हा. कॅस्पियनच्या पलीकडे बाकू-तिबिलिसी-जेहान तेलाची लाइन २००६ पासून, रशियाला पूर्ण वळसा घालून भूमध्य समुद्राला. म्हणजे मध्य आशियात रशियाची मक्तेदारी प्रामुख्याने चीनच्या पाइपने मोडली, नाटोचा त्यात वाटा नाही, आणि रशियात याबद्दल फार मोठ्याने कुणी बोलत नाही कारण चीन आता मित्र आहे.

तरी कझाकस्तानचं बहुतेक निर्यातीचं तेल आजही रशियातून नोव्होरोसिस्कलाच जातं. ताजिक, किरगीझ, उझबेक लाखो माणसं मॉस्कोत बांधकामावर आहेत, घरी येणारा पैसा रुबलमध्ये. आमच्या घरमालकीणबाईंचे दोन्ही मुलगे तिकडेच होते. जानेवारी २०२२ ला कझाकस्तानात दंगली झाल्या तेव्हा सीएसटीओ या रशियाप्रणीत लष्करी आघाडीच्या नावाने रशियाचं सैन्य आलं आणि काही दिवसांत परतही गेलं. त्यामुळे "रशिया संपला" असं तिथे कुणी म्हणत नाही. फक्त आधी मॉस्को एकटंच होतं, आता बीजिंग, अंकारा, आखाती देश, सगळ्यांशी बोलणी चालतात.

शुक्रतारा

वरचं सगळं माहितीपूर्ण आहे पण एक गोष्ट मला खटकतेय आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. "रशियाचं गेलं", "रशियाने गमावलं" असं आपण सहज लिहितोय. रीगा, टॅलिन रशियाचं होतं का? १९४० ला ते तिन्ही देश जबरदस्तीने जोडले गेले. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य जाहीर केलं, जानेवारी १९९१ ला व्हिल्निअसच्या टीव्ही टॉवरपाशी निःशस्त्र लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि मेले. १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनमध्ये मतदान झालं, ९० टक्क्यांच्या वर लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलं, क्रिमियातसुद्धा निम्म्याहून जास्त. तिथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल आमचं आम्हाला मिळालं. आपण भारतातले लोक, निदान आपण तरी लंडनच्या खिडकीतून नकाशा बघू नये.

आणि दुसरी गोष्ट, संघ मोडण्यात रशिया स्वतः होता! १२ जून १९९० ला रशियन प्रजासत्ताकाने स्वतःचं सार्वभौमत्व जाहीर केलं, तीच तारीख आज त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. ८ डिसेंबर १९९१ ला बेलोवेझ्च्या जंगलात सही करणाऱ्या तिघांत येल्तसिन पहिले, सोबत युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच. संघाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांना खुर्चीवरून घालवायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता होता. सीमा आहे तशा मान्य करून सही केली, नंतर १९९४ ला बुडापेस्टला परत लिहून दिलं की युक्रेनच्या सीमांचा आदर करू, बदल्यात अण्वस्त्रं घेतली. हे सगळं विसरून एकदम "आमच्यावर अन्याय झाला" म्हणणं मला पटत नाही.

भीमाकाठ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथे आहे. जमीन गेली म्हणून देश लगेच दुबळा होत नाही. रशिया नव्वदच्या दशकात दुबळा झाला तो आतून. १९९२ ला महागाई २५०० टक्क्यांवर गेली, लोकांची आयुष्यभराची शिल्लक धुऊन निघाली, कारखाने मोजक्या लोकांच्या हातात गेले, अर्थव्यवस्था १९९८ पर्यंत जवळपास ४० टक्क्यांनी आकसली. ज्या देशाचं सैन्य १९४५ ला बर्लिनला पोचलं त्याला १९९४ ते ९६ मध्ये चेचन्यासारखा छोटासा प्रांत आवरता आला नाही. १७ ऑगस्ट १९९८ ला कर्ज बुडवलं. शेजारी देश पळाले त्याचं मुख्य कारण हेच, राहून मिळणार काय होतं? पोलंड, एस्टोनियाला नाटोने ओढून नेलं नाही, ते स्वतः दार ठोठावत गेले.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. शुक्रतारा ताई, लंडनच्या खिडकीचा मुद्दा मान्य. पण मग एक उपप्रश्न. नव्वदच्या सुरुवातीला रशियाला खरंच वेगळा रस्ता होता का? म्हणजे जर्मनी, जपान हरल्यावर उभे राहिले तसं काही? आणि आपल्यावर, भारतावर, याचा नक्की काय परिणाम झाला, गोदीवाले काकांनी सांगितलं त्याशिवाय?

खाडीपलीकडे

रस्ता होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. परराष्ट्रमंत्री कोझिरेव्ह यांची पहिली वर्षं बघ, सगळा भर पश्चिमेशी जुळवून घेण्यावर. अमेरिकेशी अण्वस्त्र कपातीचे करार, बाल्टिकमधून फौजा माघारी. त्या बदल्यात जी-७ मध्ये खुर्ची मिळाली, ते जी-८ झालं, पण जिथे खरे निर्णय होत होते तिथे त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. जानेवारी १९९६ ला त्यांच्या जागी प्रिमाकोव्ह आले आणि दिशा बदलली. मार्च १९९९ ला ते पंतप्रधान म्हणून वॉशिंग्टनला निघाले होते, वाटेत कळलं की युगोस्लाव्हियावर नाटोचे बॉम्बहल्ले होणार, तर अटलांटिकवरूनच विमान मागे फिरवलं. मला वाटतं १९९१ नंतरच्या रशियाच्या इतिहासात तो दिवस फार मोठा आहे, त्या दिवशी मॉस्कोतल्या उदारमतवाद्यांनासुद्धा कळलं की व्हेटो हातात असून उपयोग नाही, सुरक्षा परिषदेला बाजूला ठेवून काम होऊ शकतं. तुझ्या मूळ प्रश्नातली ती खुर्ची, तिची किंमत त्या दिवशी कळली.

शुक्रतारा, आतून पोखरला हे शंभर टक्के मान्य. पण फक्त तेवढंच असतं तर २००० नंतर तेलाचा भाव चढून पैसा आल्यावर विषय संपला असता. २००८ च्या जुलैत तेल १४७ डॉलरला पोचलं, तिजोरी भरलेली होती, आणि पुढच्याच महिन्यात जॉर्जियाचं युद्ध झालं. पैसा आल्यावर ते नकाशाकडेच वळले.

शुक्रतारा

वळले कारण वळायचं ठरवलं. पैसा आला होता तेव्हा सेंट पीटर्सबर्गजवळ प्रिमोर्स्क, उस्त-लुगा ही नवी बंदरं बांधली, बाल्टिक देशांची बंदरं टाळून तेल बाहेर काढलं, समुद्राखालून थेट जर्मनीला जाणारी नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन २०११ ला सुरू केली. म्हणजे हरवलेल्या भूगोलावर शांततेचा उपाय त्यांना सापडला होता आणि तो चालतही होता. २०१० ला सेव्हास्तोपोलचा करार २०४२ पर्यंत वाढवूनही मिळाला होता. क्रिमिया घ्यायची गरज कुठे होती? आणि २०२२ नंतर फिनलंड, स्वीडन दोघंही नाटोत गेले, फिनलंडची तेराशे किमीची सीमा नव्याने नाटोची झाली. हे नुकसान १९९१ च्या खात्यात टाकता येणार नाही.

जुना_गोदीवाला

भारताचं सांगतो. ऑगस्ट १९७१ च्या करारात हल्ल्याचा धोका झाला तर लगेच एकमेकांशी सल्लामसलत करायचं कलम होतं, बांगलादेश युद्धाच्या वेळी त्याचा आधार आपल्याला होता. जानेवारी १९९३ ला येल्तसिन दिल्लीला आले तेव्हा नवा मैत्री करार झाला, त्यात तसं वजन राहिलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, तयार इंजिनं तेवढी दिली, आणि इस्रोला ते स्वतः शिकायला पुढची वीस वर्षं लागली. २०१४ च्या जानेवारीत जीएसएलव्ही स्वदेशी इंजिनावर यशस्वी झालं. मॉस्को वॉशिंग्टनला नाही म्हणू शकत नव्हतं, हे आपल्याला तिथे कळलं.

आणि ताजं उदाहरण. रशियाने कालिनिनग्रादच्या गोदीत स्वतःच्या काळ्या समुद्राच्या आरमारासाठी फ्रिगेट बांधायला घेतल्या होत्या. क्रिमियानंतर युक्रेनने टर्बाइन बंद केले आणि सांगाडे तसेच पडून राहिले. मग त्यातल्या दोन आपण घेतल्या, टर्बाइन आपण युक्रेनकडून विकत घेऊन रशियाला पोचवले, आणि तुशिल डिसेंबर २०२४ ला, तमाल जुलै २०२५ ला नौदलात आली. याच वर्गाच्या आणखी दोन गोवा शिपयार्डमध्ये बांधतायत, त्रिपुट आणि तवस्या.

तियानशान

काका हे टर्बाइनचं माहीतच नव्हतं, वडिलांना वाचून दाखवलं. एक भर घालते. सप्टेंबर २००० ला भारत, इराण आणि रशियाने उत्तर-दक्षिण मार्गाचा करार केला, मुंबईहून बोटीने इराण, तिथून जमिनीवरून किंवा कॅस्पियनवरून रशियातलं आस्त्राखान. पूर्वी कॅस्पियन फक्त सोव्हिएत संघ आणि इराण या दोघांचा होता, फुटीनंतर पाच देशांचा झाला आणि त्याचा करार व्हायला ऑगस्ट २०१८ लागलं. रश्त ते अस्तारा हा इराणमधला रेल्वेचा तुकडा अजून बाकी आहे. युरोपकडची दारं बंद झाल्यापासून रशियाला त्याची घाई आहे, २०२३ ला त्यासाठी इराणला कर्ज द्यायचाही करार केला त्यांनी. कुणाला न्हावा शेवाकडून या मार्गाने माल पाठवायचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा, किती दिवस लागतात आणि कुठे अडतं ते ऐकायला आवडेल.